सांधा पोटाकडे

१

मशीनवरची ताडपत्री ओढली आणि मला आधी हसूच आलं. आठातली एक पाकळी गायब! बाकीच्या सात मुकाट आपापल्या जागी, आणि समोर नेमकी फट. पुढचा दात पडलेल्या म्हातारीसारखं दिसत होतं मशीन.

मनात म्हटलं, चला, शेराला सव्वाशेर भेटला एकदाचा. कारण या कारखान्यात खोड्यांचा मक्ता माझ्याकडे. दुसऱ्या पाळीतल्या झोप्याचा रिकामा डबा बाकाला वेल्ड करून घेतला तो मी. मालकांच्या फिरत्या खुर्चीची चाकं काढून तिला लोहचुंबकावर बसवली तोही मीच. केस पिकले, चष्मा लागला, पण खोड काही गेली नाही. माझं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं. एरवी सगळे मला वात्रटच म्हणतात.

हे मशीन म्हणजे एक्सपांडर. पाहिला नसेल तर पोलादाचं कमळ डोळ्यासमोर आणा. गोल उभ्या आठ जाडजूड पाकळ्या, मधोमध शंकू. पाकळ्यांवर गाडीच्या चाकाची रिम चढवायची, बटण दाबायचं. तेलाच्या दाबाने शंकू खाली घुसतो, पाकळ्या बाहेर फाकतात, रिम चहूबाजूंनी ताणली जाते आणि बरोब्बर मापाला येते. रिम म्हणजे मुळात लोखंडी पट्टी, वाकवून टोकाला टोक वेल्ड केलेली. तो सांधा कच्चा असला तर ताण बसताच फाटतो. मग रिम स्क्रॅपमध्ये. म्हणजे एक्सपांडर मापही देतो आणि परीक्षाही घेतो.

माझं हसू फाटक उघडेपर्यंतच टिकलं. मालकांची गाडी आत शिरली. मागच्या दारातून एक ठेंगण्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई उतरल्या. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. ते त्यांनी माझ्या पायाशी ठेवलं आणि उघडलं.

आमचीच रिम होती. सांध्यावर उभी फाटलेली.

"दुधाचा टँकर होता," बाई म्हणाल्या. "उतारावर चाक फुटलं. ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मी विमा कंपनीकडून आले. रिमवर तुमच्या पाळीचा ठसा आहे. तुमचं मशीन बघायचंय."

मालकांनी मशीनकडे पाहिलं. फट दिसली. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला.

"वात्रटा," ते म्हणाले, "पाकळी कुठे लपवलीस?"

२

मी आईशपथ घेतली, बापाची घेतली, बटणाचीही घेतली. कोणी विश्वास ठेवेना. आयुष्यभर लांडगा आला रे लांडगा आला केलं, की खऱ्या लांडग्याच्या वेळी लोक चहा प्यायला जातात.

बाई गेल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

"मी चौकशीला येणार हे काल सगळ्यांना कळलं होतं. आणि आज मशीन बंद. तुमच्या जागी मी असते तर मीही तुम्हालाच धरलं असतं."

"धरा ना. पण मी लपवली असती तर तिच्या जागी भोपळा ठेवला असता. नुसती फट ठेवणं म्हणजे फुकट गेलेली खोडी."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या माझा अहवाल जाणार. फुटलेला सांधा तुम्ही पास केलात आणि पुरावा मोडायला पाकळी पळवलीत, असं त्यात गेलं तर पोलीस येतील. नोकरी सोडा, आत जाल. समजतंय का?"

समजत होतं.

त्यांनी माझं बोट धरलं आणि फुटक्या रिमच्या आतल्या बाजूवर टेकवलं. "डोळे मिटा. काय लागतंय?"

मोहरीच्या दाण्याएवढा उंचवटा लागला. सांध्याला अगदी चिकटून.

"ही सासूबाईंची पुटकुळी," मी म्हणालो.

"कोणाची?"

मग सांगावं लागलं. पाकळ्या सगळ्या एका साच्यातल्या, ओळखू येत नाहीत, म्हणून मी त्यांना नावं ठेवलीयत. थोरली आत्या, धाकटी आत्या, मावशी, नणंद, असं अख्खं गणगोत. मध्यंतरी झोप्याच्या हातून पाना पडला आणि एका पाकळीला बारीकशी खाच गेली. ती टोचायला लागली म्हणून ती सासूबाई. ताणलेल्या रिमचं लोखंड त्या खाचेत दबतं आणि आत पुटकुळी उठते. दिसत नाही, बोटाला लागते.

"एका वेळेला एकच पुटकुळी उठणार?"

"एकच. सासूबाई काय दोन असतात का कोणाला?"

"मग हे काय?" त्यांनी माझं बोट रिमच्या बरोब्बर समोरच्या टोकाला नेलं.

तिथे दुसरी पुटकुळी होती.

एका रिमवर दोन पुटकुळ्या याचा अर्थ एकच. ही रिम एक्सपांडरवर दोनदा चढली होती. पहिल्या वेळी फाटली. मग कोणीतरी ती गुपचूप पुन्हा वेल्ड केली, पुन्हा ताणली आणि मालात घातली. असं करायचं नसतं. फाटलेल्या रिमला या धंद्यात माफी नाही.

"आता कळलं ना पाकळी का गेली?" बाई म्हणाल्या. "पाकळी असती तर मी नवी रिम ताणायला लावली असती आणि दोन्ही पुटकुळ्या याच मशीनच्या आहेत हे सिद्ध केलं असतं. पाकळीच नसली की टँकरच्या मालकाने टायर काढताना ठोकलं असेल म्हणायला मोकळे. चोराने सासूबाई पळवली."

"अहो, नाही ना!" मी म्हणालो. "सासूबाई आहे की जागेवर. ती बघा, डावीकडे. गेलीय ती थोरली आत्या. तिच्यात काहीच खोट नाही."

बाई उठल्या. डावीकडच्या पाकळीवरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं, खाच चाचपली.

"मग निर्दोष पाकळी कोणी कशाला चोरेल?"

३

वेल्डिंगच्या शेडमधला ठिणगी बाईंना बघताच तोंडावरचा मुखवटा खाली ओढायला लागला. मी तो वर केला.

"हा सांधा रुंद आहे," बाई म्हणाल्या. "दोनदा वेल्ड केलाय. तुम्ही केलात?"

"मी दिवसभर वेल्डच करतो. कुठला कुठला आठवू?"

"फाटलेली रिम कोणी आणून दिली होती?"

"मला कोणी काही देत नाही, बाई. देतो तो हा वात्रट, नुसता ताप. त्या दिवशी पाकळ्यांची अदलाबदल करायची म्हणून माझी चेनपुली, साखळीची कप्पी, नेली. वर मलाच ओढायला लावली. आणि परत दिली ती कशी, तर तिला गुलाबी फुगे बांधून! सगळी शेड हसत होती."

"फुगे छान होते," मी म्हणालो.

"गप रे." त्याने मुखवटा पुन्हा खाली ओढला. कामाला लागतो म्हणाला, पण ठिणगी काही पडली नाही.

झोप्या दुसऱ्या पाळीचा. पापण्या कायम अर्ध्यावर. बाईंनी विचारलं, "पाकळ्या अदलाबदल केल्या तेव्हा होतात तुम्ही?"

"होतो म्हणजे, पाना धरून उभा होतो. उभ्या उभ्या डोळा लागला. उठलो तर याने माझ्या मिशीला ग्रीस लावलेलं."

"अदलाबदल का केली?"

"सासूबाई समोर होती ना. पुटकुळी रोज सांध्यालाच यायची. हा म्हणाला, सांध्यापाशी नको, सासूला बाजूला बसवू. मग थोरल्या आत्याला समोर आणली. साहेब आले की सांगू म्हणालो, ते राहूनच गेलं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही नियम केला असता."

साहेब म्हणजे फोरमन. पाठीमागे त्यांना सगळे कायदा म्हणतात. कारखान्याच्या आत ते माझे साहेब, आणि बाहेर माझ्या बायकोचे वडील. फाटकाच्या आत मी "तू", फाटक ओलांडलं की "जावईबापू, तुम्ही". मला हे काम त्यांनी शिकवलं, मुलगी त्यांनी दिली, आणि पाकळीला सासूबाई म्हटलेलं ऐकून महिनाभर अबोलाही त्यांनीच धरला.

केबिनमध्ये काळा चष्मा लावून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते.

"माझ्या हाताखाली फाटलेली रिम बाहेर जात नाही," ते म्हणाले. "लोकांना विचारा."

"विचारलं. सगळे तेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "पाकळी कोणी नेली असेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काळ्या काचेमागे काय होतं ते कळलं नाही.

"याची खोडी असेल," ते म्हणाले. "सापडेल चार दिवसांत. मनाने वाईट नाही तो."

४

घरी बायको दारातच उभी होती. बातमी माझ्या आधी पोचलेली.

"खरं सांगा. तुम्हीच ना?"

"अगं, मी कशाला..."

"लग्नात माझ्या काकांच्या चपला झाडावर टांगणारा माणूस 'मी कशाला' म्हणतोय!" तिचा आवाज चिरका झाला. "एका माणसाचा पाय गेलाय. त्याची बायको दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून असते म्हणे. आणि तुम्हाला गंमत सुचते? बाबा या महिन्यात निवृत्त होणार. त्यांच्या हाताखालचा माणूस, त्यांचाच जावई, तुरुंगात गेला तर ते बाहेर तोंड दाखवतील का?"

मी गंमत करायला तोंड उघडलं आणि काही निघेचना. असं आधी कधी झालं नव्हतं.

"तुम्ही म्हणालात की मी नाही केलं, तर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू? तुम्हीच सांगा."

तिचं चूक नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला खोटं बोलून हसवलं होतं. खरं बोलून तिला पटवायचं कसं, ते मला येत नव्हतं.

५

सकाळी बाई माझ्याआधी मशीनपाशी हजर.

"एक साधी रिम चढवा. नेहमी चढवता तशी."

मी चढवली. सांधा माझ्या पोटाकडे.

"काढा. परत."

परत चढवली. परत सांधा पोटाकडे. त्यांनी झोप्याला उठवून आणलं. त्यानेही डोळे न उघडता सांधा आपल्या पोटाकडेच घेतला.

"दोघंही असंच का करता?"

"नियम आहे तो," मी म्हणालो. "सांधा पोटाकडे. फाटला तर आपल्याला लगेच दिसतो. पलीकडे असला तर फाटलेला कळतही नाही. उलटं केलं की साहेब हातावर फूटपट्टी मारायचे. आता हाताला दुसरं येतच नाही."

"बरं. मग ऐका." बाईंनी फुटकी रिम उचलून मशीनला टेकवली. "ही रिम ताणली तेव्हा सासूबाई समोर होती. पहिली पुटकुळी सांध्यापाशी आहे. म्हणजे सांधा समोर, ताणणाऱ्याच्या पोटाकडे. ते तुम्ही. तेव्हा ती फाटली आणि तुम्ही स्क्रॅपमध्ये टाकलीत."

"टाकलीच असणार."

"दुसरी पुटकुळी सांध्याच्या बरोब्बर उलट्या टोकाला आहे. म्हणजे दुसऱ्या वेळी सांधा कुठे होता?"

मी हवेत बोट फिरवलं. "पलीकडे. माणसापासून लांब."

"का?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. ज्याला सांध्याबद्दल काही माहीत नाही, तो सांधा पोटाकडे घेतो. ज्याला माहीत असतं की हा एकदा फाटलाय, पुन्हा फाटला तर लोखंड अंगावर येईल, तोच तो स्वतःपासून लांब फिरवतो.

"भीती वाटली त्याला," मी म्हणालो.

"भीती वाटली. आणि तरी बटण दाबलं." बाईंनी चष्मा पुसला. "आता थोरली आत्या. निर्दोष पाकळी कोण चोरेल? जो तिला सासूबाई समजला तो. खाच समोरच्या पाकळीला आहे असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. वर ग्रीसचा थर, खाच दिसत नव्हती. त्याने समोरची काढली आणि गेला. तुम्ही असता तर बरोबर पाकळी नेली असती."

"म्हणजे मी सुटलो?"

"तुम्ही सुटलात. झोपाळू गृहस्थ पाना धरून उभे होते, तेही सुटले. वेल्डरने स्वतः चेनपुली ओढली. वेल्ड त्याने केला असेल, पण पाकळी त्याने नेली नाही. मालकांना खाच काय आणि खिळा काय, सारखंच. राहिला कोण? खाच पडल्याचं माहीत होतं, पण अदलाबदलीच्या वेळी कारखान्यात नव्हता असा माणूस."

मला उत्तर कळलं होतं. ते तोंडातून काढायची हिंमत होत नव्हती.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन," बाई हळूच म्हणाल्या.

६

केबिनमध्ये आम्ही तिघंच. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. साहेब मधेच ओरडतील, फूटपट्टी आपटतील, असं मला वाटत होतं. मला तेच हवं होतं. त्यांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशनचं की कशाचं, देव जाणे.

"अदलाबदल केलीत," ते मला म्हणाले. "मला सांगितलं नाही."

"राहून गेलं, साहेब."

"हं." ते बाईंकडे वळले. "ट्रक फाटकात उभा होता. एक रिम कमी पडली. एकच. मालक डोक्यावर उभे. जन्मभर ढिगाने रिमा स्क्रॅप केल्या मी. म्हटलं, एक तर एक. ठिणगीला सांगितलं, स्टँड बनवायचाय, वेल्ड मार. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. कळलं ते टँकरची बातमी आल्यावर. तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही."

"आणि सांधा?" मी विचारलं. "सांधा पलीकडे फिरवलात तुम्ही. तुम्ही!"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, दुसऱ्याच कोणाचे असावेत तसं. "फिरवला का? लक्षातच आलं नाही रे. हात आपोआप गेले असतील."

बाहेर प्रेसचा आवाज येत होता, धप्प, धप्प.

"पाकळी माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. वाटलं, तुझी खोडी म्हणून खपून जाईल. चार शिव्या खाशील. बाई कंटाळून जातील, मग पाकळी कुठेतरी सापडेल, सगळे हसतील. तुला काय, सवय आहे."

"आणि मी आत गेलो असतो तर?"

"तिथपर्यंत गेलोच नाही मी. विचार करायचं टाळलं."

बाईंना साक्षीदारांसमोर पुटकुळी हवी होती. साहेबांनी स्वतः पाकळी आणली. अदलाबदल करून सासूबाईला पुन्हा समोर बसवायला आम्ही दोघं खाली वाकलो. बोल्ट मी आवळले, पाना त्यांनी धरला. झोप्या टक्क जागा होता. ठिणगी शेडच्या दारात उभा राहून भिंतीकडे बघत होता. कोणी हसलं नाही, आणि मी कोणाला हसवलं नाही.

मी नवी रिम चढवली. बटणावर हात ठेवला आणि तो हलेना.

"दाब," साहेब म्हणाले.

"मामा, नको ना."

कारखान्यात मी त्यांना मामा कधीच म्हटलं नव्हतं. त्यांनी चपापून पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणला, घरातल्यासारखा. "जावईबापू, दाबा. नाहीतर ते तुमच्या नावावर जाईल."

मी दाबलं. शंकू उतरला, पाकळ्या फाकल्या, रिम ताणली. सांधा पक्का निघाला. मामांनीच आत बोट फिरवलं, शेवटचं.

"आहे," ते म्हणाले. "लिहा, बाई."

७

घरी पोचलो तेव्हा बायको अंगणातले कपडे काढत होती. माझ्या मागे मालकांची गाडी नाही, पोलीस नाहीत, हे तिने बघितलं. हातातली चादर तशीच धरून जवळ आली.

"सुटलात?"

"सुटलो. मी नव्हतं केलं."

तिच्या चेहऱ्यावर काय काय फिरून गेलं. काल रात्री घेतलेला संशय, त्याची लाज, आनंद. तिने माझा हात घट्ट धरला. "मी काय काय बोलले हो तुम्हाला. मग कोणी केलं?"

एवढी वर्षं तिला थापा मारल्या. त्या घटकेला एक साधी थाप सुचली असती तर मी जन्मभराच्या खोड्या तिच्यावरून ओवाळून टाकल्या असत्या. नाही सुचली. मी नुसता उभा राहिलो, आणि तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

हात सोडला तिने. चादरीची घडी घालायला लागली. कोपऱ्याला कोपरा जुळेना, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"बाबा कुठे आहेत?"

"बाईंबरोबर गेलेत. आधी दवाखान्यात जाऊ द्या म्हणाले. त्या ड्रायव्हरला भेटायचंय."

तिने घडी कशीबशी पुरी केली. मग खालीच बघत, अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही केलं असतं तर बरं झालं असतं."

मला राग यायला हवा होता. नाही आला. मलाही सकाळपासून तेच वाटत होतं.